आयरिश खेड्याचा गावगाडा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पश्चिम आयर्लंडमधल्या एका लहान गावावर लेख आला होता. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यातली निवडक पत्रं उत्तरांसह इथे देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रांतलं पाल्हाळ कापलंय. रुसू नये.

प्रश्न : लेखात ‘गाव’ म्हटलंय, पण लोकसंख्या पाहिली तर आमच्या एखाद्या वाडीएवढी. तिथे सरपंच, ग्रामपंचायत असते का? कारभार कोण बघतं? (कराड)

गावठाणात दाटीवाटीनं वसलेली घरं तिथे फारशी दिसणार नाहीत. गाव म्हणजे एक चौक. चर्च, दोन शिक्षकांची शाळा, एखाद-दुसरा पब, दुकान, सभागृह आणि खेळाचं मैदान, एवढाच पसारा. बाकीची घरं रानात विखुरलेली असतात. जमिनीच्या सगळ्यात लहान, स्वतःचं नाव असलेल्या हद्दीला ‘टाउनलँड’ म्हणतात. अख्ख्या बेटावर अशा ६१ हजारांच्या आसपास हद्दी आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा बाराव्या शतकात नॉर्मन आक्रमक आले त्याच्याही आधीच्या आहेत. काही टाउनलँड मिळून पॅरिश, त्यावर बॅरनी, त्यावर काउंटी. काउंट्या ३२, त्यातल्या २६ प्रजासत्ताकात आणि ६ उत्तर आयर्लंडमध्ये.

पॅरिशचा घोळ आधीच समजून घ्या, नाहीतर पुढे कागद बघताना फसाल. एक पॅरिश सरकारी दप्तरातली, तिला सिव्हिल पॅरिश म्हणतात. दुसरी कॅथलिक चर्चची. दोन्हींच्या हद्दी जुळतीलच असं नाही. गावातला माणूस ‘आमची पॅरिश’ म्हणतो ती दुसरी.

ग्रामपंचायत नाही, सरपंचही नाही. सगळ्यात खालची निवडून आलेली संस्था म्हणजे काउंटी कौन्सिल. छोट्या शहरांच्या कौन्सिली होत्या, त्याही २०१४ मध्ये बंद केल्या. रस्ते आणि बांधकाम परवाने काउंटीकडे. बाकीचा गाडा समित्या ओढतात. सभागृहाची समिती, क्रीडा क्लब, शाळेचं मंडळ. अनेक ठिकाणी नळपाण्याचीही समिती असते. १९६० च्या दशकापासून कित्येक टाउनलँडनी एकत्र येऊन वर्गणी काढली, स्वतः चर खणले आणि पाइप टाकून घेतले. स्वच्छतेसाठी ‘टायडी टाउन्स’ ही स्पर्धा १९५८ पासून चालते. पहिल्या वर्षी डोनेगॉल काउंटीतलं ग्लेंटीज जिंकलं. परीक्षक उन्हाळ्यात न कळवता येऊन जातो आणि मग लेखी अहवाल धाडतो. कुठे काय चांगलं, कुठे काय खटकलं ते त्यात असतं आणि तोच अहवाल पुढच्या वर्षीची कामाची यादी होतो. आपल्याकडे तपासणी पथकाची तारीख आधी कळते आणि आदल्या रात्री झाडू फिरतो. तारीख न सांगणं एवढी एकच गोष्ट उचलली तरी पुष्कळ फरक पडेल.

प्रश्न : मुलगी आणि जावई काउंटी मेयोमध्ये एका जुन्या दगडी घरात भाड्यानं राहतात. त्या घरात पूर्वी कोण राहायचं, हे इथे फलटणला बसून शोधता येईल का? (फलटण)

येईल, आणि बहुतेक सगळं फुकट. क्रम मात्र पाळा.

आधी टाउनलँडचं नाव नक्की करा. पत्त्यात असलेलं गाव हे बहुधा जवळच्या टपाल कार्यालयाचं नाव असतं. २०१५ पासून प्रत्येक घराला सात अक्षर-आकड्यांचा एअरकोड, म्हणजे घराचा स्वतःचा पिनकोड, मिळालाय. मुलीकडून तो मागवून घ्या आणि नकाशावर घर शोधा. मग जुना ऑर्डनन्स सर्व्हे (सरकारी मोजणी खात्याचा) नकाशा उघडा. मैलाला सहा इंच या प्रमाणाची पहिली आवृत्ती १८३३ ते १८४६ दरम्यान झाली. त्यात घराचा काळा ठोकळा दिसला, तर घर किंवा त्या जागेवरचं आधीचं घर १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळापूर्वीचं.

दुसरी पायरी ग्रिफिथचं मूल्यांकन. १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी देशभर मोजणी झाली, तिचं छापील दप्तर ‘आस्क अबाउट आयर्लंड’ या संकेतस्थळावर आहे. त्यात कब्जेदार, ज्याच्याकडून जमीन घेतली तो, मालमत्तेचं वर्णन, क्षेत्र आणि कराचं मूल्य अशा रकान्यांत नोंद असते. सातबारा वाचता येणाऱ्याला हे अवघड नाही. क्षेत्र एकर, रूड, पर्च असं लिहिलेलं असतं. ४० पर्चचा एक रूड, ४ रूडचा एक एकर. आपला गुंठा १२१ चौरस यार्डांचा आणि पर्च सव्वातीस चौरस यार्डांचा, म्हणजे बरोबर चार पर्च एक गुंठा आणि एक रूड दहा गुंठे. ३ एकर २ रूड २० पर्च असं दिसलं की ३ एकर २५ गुंठे वाचा.

चुका इथेच होतात. ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं नाव दिसतं, पण तो मूळ मालक असेलच असं नाही. मध्ये खंडानं घेऊन पुढे खंडानं देणारे मध्यस्थ पुष्कळ होते. त्या रकान्यात ‘इन फी’ असेल तरच मालकी कब्जेदाराची. शिवाय यात फक्त कर्त्याचं नाव येतं, बायकामुलं नाहीत. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे तिघे असले तर कंसात बापाचं नाव दिलेलं असतं, ते सोडू नका. नंतरच्या बदलांसाठी मूल्यांकन खात्याच्या दुरुस्ती वह्या आहेत. कब्जेदार बदलला की जुनं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईनं नवं नाव आणि साल लिहायचे. आपलं फेरफार रजिस्टरच म्हणा.

तिसरी पायरी १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं घरटी मूळ फॉर्म खुले केलेत. त्याआधीचं जवळपास काही हाती लागत नाही. १८२१ ते १८५१ चे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार पेटलं तेव्हा गेले, आणि १८६१ ते १८९१ चे सरकारनंच नष्ट केले. १९२१ ला स्वातंत्र्ययुद्धामुळे शिरगणती झालीच नाही. पण आहे त्यात मजा आहे. घराचा वेगळा फॉर्म असे, त्यात भिंत दगड-विटांची असली तर १ गुण आणि मातीची असली तर शून्य, छपराला स्लेट असली तर १ आणि गवत असलं तर शून्य. खोल्या आणि समोरच्या खिडक्यांचे गुण वेगळे. बेरजेवरून घराचा दर्जा ठरे. १९११ च्या फॉर्मात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली आणि त्यातली किती हयात आहेत, हेही विचारलंय.

एक गंमत नक्की दिसेल. १९०१ ला ५४ वर्षांची बाई १९११ ला ७० ची होते. जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढच्यांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली आणि सर्वांच्या जन्माची सक्तीची नोंद तर १८६४ पासूनची. वय सिद्ध करायला कागदच नव्हता. मग पेन्शन अधिकारी विचारायचे, ‘मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का?’ ६ जानेवारी १८३९ च्या रात्री भयंकर वादळ झालं होतं. ते आठवणारा सत्तरीचा धरायचा. साहजिकच ते सगळ्यांनाच आठवू लागलं. तेव्हा वयावर भिस्त ठेवू नका. नातं, टाउनलँड आणि भावंडांची नावं जुळवा. आडनावापुढचा ‘ओ’ किंवा ‘मॅक’ एका कागदात असतो, दुसऱ्यात गळतो, म्हणून दोन्ही रूपांनी शोधा.

प्रश्न : आम्ही पावसाळी बटाटा करतो. करपा आम्हालाही येतो, पण त्यानं गावंच्या गावं उठली हे पटत नाही. नेमकं झालं काय? (पुसेगाव)

रोग तोच, उशिरा येणारा करपा. १८४५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी तो आयर्लंडात पोचला. पानावर तेलकट तपकिरी डाग, पानाच्या खाली पांढरी लव, थंड आणि ओल्या हवेत काही दिवसांत शेत काळं. पानावरचे बीजाणू पावसानं जमिनीत उतरतात आणि बटाट्याला लागतात. काढताना चांगला दिसलेला माल साठवणीत सडतो. हे तुम्हाला सांगायला नको.

फरक लागवडीत होता. गरीब कुळं मुख्यतः ‘लंपर’ ही एकच जात लावायची, कारण ती निकस, पाणथळ जमिनीतही भरपूर उतार देई. बेणं बटाट्याचंच, म्हणजे शेतातलं प्रत्येक रोप एकाच मुळाचं. एक बळी पडलं की सगळी. बोर्डो मिश्रण १८८० च्या दशकातलं, त्यामुळे फवारायला काही नव्हतं. आणि जेवणात दुसरं काही नव्हतं. कष्टकरी पुरुष दिवसाला सहा किलोच्या आसपास बटाटा खाई, जोडीला ताक. ओट आणि गहू पिकायचा, पण तो खंडासाठी विकायचा. धान्य परदेशी जातच राहिलं.

१८४५ ला पिकाचा काही भाग गेला, १८४६ ला जवळजवळ सगळं. १८४७ ला रोग कमी होता, पण बेणंच खाऊन संपल्यामुळे लागवड थोडी झाली. त्या वर्षी सरकारी लापशीवर एका वेळी तीस लाख माणसं जगत होती, तीही योजना शरद ऋतूत गुंडाळली. मग आलं ते पाव एकराचं कलम. १० गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन ज्याच्या ताब्यात, त्याला सरकारी मदत नाही. पोट भरायचं तर जमीन सोडा. वर चार पौंडांपर्यंत मूल्याची जमीन असलेल्या कुळांचा गरीब-कर (गरिबांच्या मदतीसाठी काढलेला कर) जमीनदारानं भरायचा, म्हणून लहान कूळ उठवणं जमीनदाराच्या फायद्याचं. गावं करप्यानं उठली नाहीत, या दोन नियमांनी उठली, असं आमचं मत आहे. १८४१ ला ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ ला ६५ लाख ५२ हजार झाली. सुमारे दहा लाख मेले, तेवढे किंवा जास्त देशोधडीला लागले. पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर बटाट्याच्या सोडून दिलेल्या वाफ्यांचे वरंबे तिरप्या उन्हात अजून दिसतात.

प्रश्न : लेखात शाळकरी मुलांनी गावाचा इतिहास गोळा केल्याचा एका ओळीत उल्लेख होता. सहावी-सातवीच्या मुलांकडून आमच्या गावात असं करून घ्यायचंय. पद्धत सविस्तर सांगावी. (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, तासगाव तालुका)

बाई, हा प्रश्न आल्याचा आनंद झाला. आयरिश लोककथा आयोग १९३५ ला स्थापन झाला. त्यानं शिक्षण खातं आणि शिक्षक संघटनेला बरोबर घेऊन १९३७ ते १९३९ मध्ये २६ काउंट्यांतल्या सुमारे ५ हजार शाळांत हे काम केलं. अकरा ते चौदा वयाची मुलं घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहायची. एकूण ७ लाख ४० हजारांच्या आसपास पानं जमली. आज ती ‘डूखस’ या संकेतस्थळावर टाउनलँड आणि आडनावानुसार शोधता येतात.

ते जमलं कारण मुलांवर जादा काम टाकलं नाही. आठवड्याचा निबंध बंद करून त्या तासाला हेच. शिक्षकांना एक पुस्तिका दिली होती. तिच्यात ५५ विषय होते आणि प्रत्येक विषयाखाली बारीक प्रश्न. नुसतं ‘गावातला लोहार’ असं लिहून सोडलं नव्हतं. लोहारशाळा किती, ओढ्याकाठी की चौकात? छप्पर कशाचं? भट्ट्या किती? भाता कुणी बनवला? लोहारकी किती पिढ्यांची? भट्टीच्या पाण्यानं काही बरं होतं असं मानतात का? असे प्रश्न असले की मूल निबंध लिहायला जात नाही, उत्तर शोधायला जातं.

तुम्ही वर्षाला वीस विषय घ्या, पुष्कळ झाले. आठवड्याला एकच. विहिरी आणि बारवा, यात्रा आणि मानपान, बलुतं, बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवत, किती माणसं आणि किती शेणकूट लागे, १९७२ चा दुष्काळ आणि खडी फोडायची कामं, घरगुती औषधं, खेळ, वस्त्यांची आणि शेतांची नावं, द्राक्षबाग यायच्या आधीची पिकं, जुनी मोजमापं. प्रत्येकाखाली सात-आठ प्रश्न तुम्ही स्वतः काढा, आणि ते गावातल्याच एखाद्या सत्तरीच्या माणसाला आधी विचारून बघा. निम्मे तरी बदलावे लागतील.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर चार ओळी सक्तीच्या:
सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, वय.
वस्ती किंवा गल्ली; बाई असेल तर माहेरचं गावही.
लिहिणाऱ्याचं नाव, इयत्ता.
तारीख.

माहेरचं गाव का? ओव्या आणि औषधं बहुतेक वेळा माहेराहून आलेली असतात. ती या गावची म्हणून नोंदली की पुढचा अभ्यासक फसतो.

बोली सुधारू नका. ‘व्हतं’, ‘गेल्ता’, ‘आमी’ तसंच राहू दे. मुलं घरी कच्च्या वहीत लिहितील. त्यातल्या चांगल्या नोंदी सुवाच्य अक्षराचा विद्यार्थी मोठ्या, शिवलेल्या फुलस्केप वहीत उतरवेल. आयर्लंडमध्येही अशीच मोठी वही आयोगाकडे जाई. जेल पेन नको, पाणी लागलं की शाई पसरते. साधं बॉलपेन घ्या. कच्च्या वह्या रद्दीत घालू नका. पक्क्या वहीत जे गळतं ते त्यांत असतं.

साल कुणालाच आठवत नाही. त्यासाठी फळ्यावर खुणेच्या घटना लिहून ठेवा. पत्री सरकारची वर्षं १९४३ ते ४६, नवे पैसे १ एप्रिल १९५७, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, महापूर २००५ आणि २०१९. ‘भूकंपाच्या आधी की नंतर? तेव्हा लग्न झालं होतं का?’ असं विचारत गेलं की दोन-तीन वर्षांच्या आत साल सापडतं.

बिघडतं कुठे? एकच बोलका आजोबा दहा वह्यांत येतो. म्हणून एका सांगणाऱ्याकडे एका विषयाला दोनच मुलं. मुलं एकमेकांचं उतरवतात किंवा मोबाइलवरून ‘आमचे गाव निसर्गरम्य आहे’ आणतात. ज्या नोंदीत एकही विशेषनाम नाही ती परत करा. पालक स्वतःच लिहून देतात, ते अक्षरावरून कळतंच. भावकीचे वाद, जमिनीचे कज्जे, जातीवरून झालेला अपमान अशा गोष्टी आल्या तर लिहून घ्या, पण पक्क्या वहीत नावं झाकून. भिंतीवर किंवा व्हॉट्सअॅपवर मुळीच नको. आणि बाया विसरू नका. मुलांना मोकळं सोडलं तर ती पारावरच्या पुरुषांकडेच जातात.

प्रश्न : आयर्लंडच्या दूध सोसायट्या कधीच्या? त्यांची आणि आपली पद्धत एकच का? (गाव दूध संस्थेचे सचिव, विटा परिसर)

पहिली सहकारी क्रीमरी १८८९ मध्ये लिमरिक काउंटीतल्या ड्रोमकॉलिहर गावात निघाली. होरेस प्लंकेट हा जमीनदार घराण्यातला माणूस त्यामागे होता. १८९४ ला त्यानं अशा संस्थांची शिखर संस्थाही उभी केली. कारण यंत्राचं होतं. साय काढायचं नवं सेपरेटर यंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडत नव्हतं आणि घरी घुसळलेलं आयरिश लोणी ब्रिटिश बाजारात डॅनिश लोण्यापुढे मार खात होतं.

एक फरक लक्षात घ्या. क्रीमरी दूध विकत नसे, लोणी विके. सकाळी घोडा किंवा गाढव जोडलेली गाडी रांगेत लागे, दूध मोजून घेत, साय काढून घेत आणि बिनसायीचं दूध त्याच कॅनमधून परत देत. ते डुकरांना आणि वासरांना. सुरुवातीला पैसे मापावर मिळत, तेव्हा पाणी घालणाऱ्याची चंगळ होई. १८९० च्या दशकात फॅट काढायच्या बॅबकॉक आणि गर्बर चाचण्या आल्या आणि फॅटवर दर देता येऊ लागला. त्या चाचणीचं महत्त्व तुम्हाला आम्ही काय सांगावं!

१९२० च्या सुमारास, स्वातंत्र्ययुद्धात, ब्रिटिश फौजांनी सूड म्हणून अनेक क्रीमऱ्या जाळल्या. एक इमारत जाळली की अख्ख्या पॅरिशचा दुधाचा पैसा बंद. पुढे शेतावर गार टाकी आणि दारात टँकर आल्यावर गावोगावच्या क्रीमऱ्या बंद पडल्या. दर सुधारला, पण रोज सकाळची रांग गेली. कुणाची गाय आटली, कुणाचा पोरगा बोस्टनहून आला, हे त्या रांगेत कळायचं.

प्रश्न : आमच्या भागात पत्री सरकारची न्यायदान मंडळं होती. आयर्लंडमध्येही असंच काही होतं, असं ऐकलंय. (वाळवा)

होतं. १९१९ ला आयरिश लोकप्रतिनिधींनी ब्रिटिश संसदेत न जाता डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली, तिला ‘डॉल’ म्हणतात. तिच्या नावानं १९२० मध्ये देशभर कोर्टं सुरू झाली. खाली पॅरिश कोर्ट. त्यात तीन पंच, आठवड्याला बैठक, १० पौंडांपर्यंतचे दिवाणी दावे आणि किरकोळ गुन्हे. वर जिल्हा कोर्ट, त्यावर सर्वोच्च न्यायालय. पंचांत स्त्रियाही होत्या. जमिनीचे तंटे हातघाईवर येऊ लागले म्हणून वेगळी जमीन-कोर्टं नेमली. मे १९२० मध्ये मेयोतल्या बॉलिनरोबला अशी सुनावणी झाली. तुरुंग नव्हते, म्हणून दंड, भरपाई, हद्दपारी किंवा चोराला अज्ञात ठिकाणी नेऊन काही दिवस ठेवणं, अशा शिक्षा.

मोठा फरक कागदाचा. स्वतंत्र सरकार आल्यावर ही कोर्टं मोडीत काढली, पण १९२३ च्या कायद्यानं एक आयोग नेमून त्यांचे निवाडे तपासले. त्यामुळे दप्तर एका जागी आलं आणि आज ते राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पत्री सरकारबद्दल तुम्हाला सरकारी बाजूचे पोलीस अहवाल आणि भाग घेतलेल्यांच्या आठवणी, दोन्ही समोरासमोर ठेवावे लागतील. शोधताना ‘सांगली’ टाकू नका. वाळवा, शिराळा, खानापूर, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते; १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली. तिन्ही नावांनी बघा.

प्रश्न : सुखदुःखात शेजारी येतात का, की तिकडे ज्याचं त्यानं बघायचं? (सातारा)

येतात, आणि त्याला रीत आहे. गवत कापणं, मळणी, इंधनासाठी पीट (दलदलीतली जळाऊ माती) कापणं अशा कामांना शेजारी एकमेकांकडे पाळीनं जायचे. त्याला ‘मेहल’ म्हणतात. आपली इर्जिक. यंत्रं आली तशी तीही कमी झाली.

मयत झाली की बातमी स्थानिक रेडिओवर रोज ठरल्या वेळी वाचतात. पार्थिव घरी ठेवतात, गाव येऊन जातं, घरच्यांचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलतं. स्वयंपाकघर शेजारणी ताब्यात घेतात. दफन साधारण तिसऱ्या दिवशी, आणि पश्चिमेकडे अजून पुष्कळ ठिकाणी कबर शेजारी खणतात. लांबचा नातेवाईक आला नाही तर चालतं, शेजाऱ्यानं तोंड न दाखवलेलं चालत नाही.

‘स्टेशन’ ही रीत आम्हाला जास्त आवडते. कॅथलिकांवर निर्बंध होते त्या काळापासून चालत आलेली. टाउनलँडमधल्या एका घरी पाळीनं प्रार्थना. फादर घरी येतात, सगळी हद्द जमते, मग खाणं. पाळी कित्येक वर्षांनी येते आणि आली की घराला रंग लागतो, गळकं छप्पर दुरुस्त होतं, वर्षानुवर्षं रखडलेलं न्हाणीघर बांधून होतं.

प्रश्न : तिकडच्या खेळाडूंना क्लब पैसे देतात का? आमच्याकडे कबड्डीचा चांगला पोरगा लगेच दुसरा संघ पळवतो. (मिरज)

नाही. हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल चालवणारी संघटना १ नोव्हेंबर १८८४ ला टिपररी काउंटीतल्या थर्ल्सच्या एका हॉटेलात स्थापन झाली. खेळाडू आजही हौशी. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८० हजार लोकांसमोर खेळणारा सोमवारी नोकरीवर जातो. क्लब पॅरिशला बांधलेला असतो, आणि बदली मागायची तर राहण्याचं ठिकाण खरंच बदलल्याचं दाखवावं लागतं. पळवापळवी अगदीच होत नाही असं नाही, पण गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. हर्लिंगची काठी अ‍ॅश झाडाच्या बुंध्याच्या खालच्या जेमतेम सव्वा मीटरातूनच निघते. तिथे मुळाकडे लाकूड आपोआप वळतं आणि रेषा वळणाबरोबर जातात; सरळ फळीतून कापलेली काठी वळणावरच मोडते.

प्रश्न : आमच्या मंडळाला गावातल्या वीरगळांची नोंद करायची आहे. आयर्लंडमध्ये जुन्या कबरींची करतात तशी करता येईल का? (शिराळा)

करता येईल. आधी त्यांच्याकडचे नियम ऐका. स्मारक यादीत असलेल्या दफनभूमीत काम करायचं तर दोन महिने आधी सरकारला लेखी कळवावं लागतं. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, ब्लीच वर्ज्य. भिंतीवरची वेल उपटत नाहीत, कारण कधी कधी भिंत तिच्यावरच उभी असते. पडलेला दगड उचलून नीट उभा करायचा मोह टाळतात. जागा हीसुद्धा माहिती असते.

तुम्ही प्रथम गावाचा हाती नकाशा काढा आणि प्रत्येक दगडाला क्रमांक द्या. उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, जमिनीत किती गाडलाय. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवू नका. संध्याकाळी बॅटरी बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा, झिजलेली रेषही दिसते. फोटोत शेजारी पट्टी उभी करा. वर्णन खालच्या चौकटीपासून वर न्या. बहुधा खाली लढाई किंवा गाई वळवणं, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवपूजा आणि त्यावर कलश. सूर्यचंद्र आहेत का ते पाहा. ऑइलपेंट लावायचा प्रस्ताव गावातून येणारच. रंगानं दगडाचे श्वास बंद होतात, आत ओल साचते आणि पापुद्रे सुटतात, हे सभेत आधीच सांगून ठेवा. अक्षरं आढळली तर स्वतः वाचून फलक लावू नका. फोटो राज्य पुरातत्त्व विभागाकडे पाठवा.

प्रश्न : तिथल्या खेड्यांत वीज कधी आली? (पाटण)

पाटणचा, कोयनेच्या काठचा प्रश्न, म्हणून शेवटी का होईना घेतला. खेड्यांच्या योजनेतला पहिला खांब ५ नोव्हेंबर १९४६ ला डब्लिन काउंटीतल्या किलसॅलहन इथे रोवला. वीज मंडळ पॅरिश हा भाग धरून चाले. गावची समिती घरोघर सह्या गोळा करी, आणि खर्चाच्या मानानं जास्त उत्पन्न देणारा भाग आधी. स्थिर आकार घराच्या क्षेत्रफळावर होता, म्हणून मोठं घर आणि थोडं उत्पन्न असलेले कचरत. सह्या करून तारा दारात आल्यावर माघार घेणारेही निघाले. काहींना गवताचं छप्पर पेटेल ही भीती, काहींना बिलाची. ज्या पॅरिशमध्ये नकार जास्त, तिचा नंबर वर्षानुवर्षं मागे गेला. खांबांचे खड्डे गावातल्याच मजुरांनी कुदळ-फावड्यानं काढले, आणि डोंगराळ भागात शेवटची घरं जोडायला १९७० चं दशक उजाडलं.